सुई बंद, टमाटर काळे

सकाळी आठलाच वडनेरात शकुंतलाबाईंच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. नारळ, हळदकुंकू, वर धरलेले मोबाइल. मधोमध टोमॅटोचं एक झाड, त्यावर जांभळी-काळी फळं. शेजारी पाटावर बसलेले कुठलेसे महाराज ओरडत होते, "पाह्यलं का? पोरीचा रोग झाड वढून राह्यलं! तिनं हात लावला का टमाटर काळा!"

लोक हात जोडत होते. वांगी काळी असतात, जांभळं काळी असतात. त्यांच्यापुढे कोणी नारळ फोडत नाही.

त्या झाडाचं बी मी दिलं होतं. मी प्रभाकरराव, इथल्याच शाळेतला निवृत्त विज्ञानशिक्षक. काळ्या टोमॅटोचे तीन वाण मी जमवले होते. एक चॉकलेटी, गोड. दुसरा कोकमी, चवीला झकास पण लवकर तडकणारा. तिसऱ्याची नुसती साल काळी. घरच्या बागेत कोणता बरा, ते पाहायला शकुंतलाबाईंना तिन्हींचं बी दिलं. फळं काळी होतील हे मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, होऊ दे गंमत! मग तीन महिने पुण्याला मुलाकडे राहिलो. आज परत आलो, तर हे.

शकुंतलाबाईंची दहा वर्षांची लेक आचल घरात खाटेवर पडली होती. तिला साखरेचा आजार. रोज इन्सुलिनची सुई लागायची.

"सुई दिली का?" मी शकुंतलाबाईंना विचारलं.

"महाराजानं बंद कराले सांगतलं, सर. तीन रोज झाले. झाडाची पानं तोडाले बी लावली त्यानं."

आचल धापा टाकत होती. तिच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येत होता. इन्सुलिन थांबलं की रक्तात विष साठतं, त्याचा हा वास. शकुंतलाबाई मात्र हरखून म्हणाल्या, "टमाटराचाच वास हाय. रोग निघून राह्यला."

पोरीला उचलून आम्ही हिंगणघाटला नेलं. डॉक्टरांनी शर्थ केली. दुपारी आचल गेली.

महाराज त्याच दिवशी पसार झाले. तरी चौथ्या दिवशी परसात लोक आलेच. "झाडानं तं घेतला होता रोग," कोणीतरी म्हणालं, "नशिबातच नव्हतं."

माझं डोकं फिरलं. मी एक काळं फळ तोडून सगळ्यांपुढे धरलं. जिथं पान चिकटलं होतं, तिथं पानाच्याच आकाराचा हिरवा डाग होता.

"महाराजानं झाडाची पानं काऊन तोडाले लावली? ऊन लागावं म्हणून! ऊन लागलं का या वाणाची साल काळी होते. आन् हे कोपऱ्यातलं झाड पाहा. याले आचलनं कधी हात लावला?"

"नाई," शकुंतलाबाई म्हणाल्या.

त्याचीही फळं तितकीच काळी होती.

शकुंतलाबाई माझ्याकडे पाहत होत्या. "तुम्हाले ठाऊक होतं सर. मंग बी देतानाच काऊन नाई सांगतलं?"

महाराज खोटं बोलला, आणि मी खरं सांगितलंच नाही. आता घरोघर जाऊन सांगतो: नवल दिसलं की हात जोडण्याआधी कारण विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेकराची सुई एक दिवसही चुकवू नका.