टायरचे पाय मोकळे करताना

लिफ्टवाल्याने उभा जन्म वर आणि खाली जाण्यात घालवला होता. आडवं जायला त्याच्याकडे एकच वस्तू होती, मोटरसायकल. निवृत्त झाल्या झाल्या तो तिच्यावरून पडला.

त्याची बायको हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायची. मोटरसायकलवाल्यांचे इतके पाय तिच्या हाताखालून गेले होते, की रस्त्यात ती माणसाला चेहऱ्याआधी नडगीवरून ओळखायची. नवऱ्याच्या पायालाही तिनेच प्लास्टर घातलं आणि ते वाळल्यावर त्यावर पेनने लिहिलं, ‘यापुढे मोटरसायकल चालवणार नाही.’ खाली त्याची सही घेतली. पाय बरा झाल्यावर करार करवतीने कापून कचऱ्यात गेला, पण तिच्या मते तो लागू होता.

“अगं, निदान विकायला तरी लावू नकोस,” लिफ्टवाला म्हणाला.

“राहू दे जिन्याखाली. पण जी चालवायची नाही त्या गाडीला नवं काही आणायचं नाही. हे टायर गेले की गाडी गेली.”

तेव्हापासून लिफ्टवाल्याचा जीव त्या दोन टायरांना टांगला गेला. झिजायचा प्रश्नच नव्हता, गाडी जागची हलत नव्हती. तरी खबरदारी म्हणून तो रोज सकाळी टायरांना चकचकीत करणारं पॉलिश चोळायचा. दाढी एक दिवस राहिली तर राहिली, पॉलिश नाही. आणि एका सकाळी चोळता चोळता त्याला दिसल्या भेगा. केसाएवढ्या बारीक, टायरच्या बाजूला, एकीशेजारी एक.

बायकोचा धाकटा भाऊ पिंट्या टायरचं दुकान चालवायचा. ती कामावर गेल्यावर लिफ्टवाल्याने त्याला गुपचूप बोलावलं. पिंट्याने उकिडवं बसून रबर अंगठ्याने दाबलं.

“भावोजी, हा मरायला टेकलाय.”

“अरे, चालवला नाही, खड्ड्यात घातला नाही, आणि मरायला टेकला?”

“चालवला नाही म्हणूनच. रबरात मेणासारखं काहीतरी मिसळलेलं असतं. चाक फिरताना टायर दबतो, सुटतो, तसं ते वर येतं आणि रबराला झाकतं. गाडी उभी राहिली की ते आतच बसून राहतं. जे थोडं वर आलं होतं ते तुम्ही पॉलिशने पुसलंत. त्यात हवा कमी. त्यात दुपारचं तिरपं ऊन जिन्याखाली थेट अंगावर. आणखी काय करायचं राहिलं होतं? चावायचं?”

“भरतील का रे भेगा?”

“भेगा भरत नसतात. वाढायच्या थांबल्या तर नशीब. ताईला सांगू का?”

“तुझ्या इमारतीतला लिफ्टवाला माझ्या हाताखाली शिकलाय, एवढं लक्षात ठेव.”

पिंट्या जिने चढणाऱ्यातला नव्हता. तो गप्प बसला.

लिफ्टवाल्याने पॉलिश बंद केलं, हवा भरून आणली. पुढच्या चाकावर छत्री उघडून बांधली, मागच्यावर बायकोचा जुना गाऊन टाकला. आणि बायको कामावर गेली की तो मोटरसायकलला फिरायला नेऊ लागला. करारात ढकलण्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

त्या वेळी रस्त्यावर एक कुत्रेवाले गृहस्थ असायचे.

“बंद पडली?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“पेट्रोल?”

“आहे.”

“मग?”

“पाय मोकळे करतेय.”

गृहस्थांनी समजून मान हलवली. त्यांचाही कुत्रा म्हातारा होता.

पण पिंट्याने फोनवर निराळंच सांगितलं. “रिकामी गाडी फिरवून काय उपयोग? टायर दबला पाहिजे. वजन हवं.”

लिफ्टवाल्याने एका जुन्या लिफ्टचं लोखंडी वजन आठवण म्हणून जपून ठेवलं होतं. एके दिवशी, बायकोला सुट्टी आहे हे विसरून, त्याने ते सीटवर बांधलं. फाटकापाशी गाडी कलली, दोरी सरकली आणि वजन त्याच्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभरावर आदळलं. वर गॅलरीत बायको कपडे वाळत घालत होती.

ती खाली आली. ओरडत आली असती तर बरं झालं असतं. तिने अंगठा पाहिला, वजन पाहिलं, मग जिन्याखाली नजर टाकली.

“तो माझा गाऊन आहे.”

“टायरला ऊन लागतं.”

मग लिफ्टवाल्याने मेणापासून कुत्र्यापर्यंत सगळं ओकून टाकलं. शेवटी म्हणाला, “पिंट्याला बोलू नकोस. मी धमकावलं होतं.”

ती गाडीपाशी खाली बसली. तिने भेगेवरून बोट फिरवलं, अगदी नडगीवरून फिरवते तसं, दोन्हीकडून दाबून पाहिलं.

“हेअरलाइन फ्रॅक्चर आहे,” ती म्हणाली. आवाज दवाखान्यातला होता. “आणि आधी इतके दिवस तुम्ही हलवलंच नाहीत? अहो, हलवलं नाही की आखडतं, हे मी पेशंटांना बोंबलून सांगते.”

“मग आता?”

“वजन किती लागतं?”

“एका माणसाचं. लिफ्टमध्ये अडुसष्ट किलो धरतात.”

“मी बासष्ट आहे.”

“लिफ्टला चालतं.”

ती सीटवर बसली. त्याने ब्रेक दाखवला आणि मागून ढकलायला सुरुवात केली. असे ते रोज संध्याकाळी निघू लागले. ती हँडल धरून ताठ, पुढे बघत. तो मागे घामाघूम. कुत्रेवाले गृहस्थ आता तिलाही नमस्कार करत.

एकदा पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर लिफ्टवाल्याची चप्पल निसटली. तो ती घालायला थांबला. गाडी थांबली नाही.

“अगं, ब्रेक! ब्रेक दाब!”

तिने दाबला नाही. लिफ्टवाला एका चपलेनिशी धावत सुटला. बायकोने आयुष्यभर वर्णन केलेल्या सगळ्या नडग्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. खाली, बेकरीसमोर, ती एक पाय टेकून शांत उभी होती. केस पार विस्कटले होते.

“लागलं का?”

“ब्रेक चांगले आहेत,” ती म्हणाली. मग केस मागे सारत, “पुन्हा.”

“काय पुन्हा?”

“वर न्या ना.”

त्याने नेली. पुन्हा नेली. त्यानंतर तो बेकरीच्या पायरीवर बसला तो उठेना.

“किल्ली कुठंय?” तिने विचारलं.

“अगं, करार! प्लास्टरवर लिहिलं होतंस तू!”

“सही तुमची होती. माझी कुठे होती?”

रविवारी तिने स्वतः पिंट्याला बोलावलं. त्याने टायर वाकवून बघितला. भेगेत नखाचं टोक गेलं.

“ताई, भेगा वाढायच्या थांबल्यात. पण ही आधीच खोल गेलीय. यावर बसून गाडी चालू करायची नाही. दोन्ही टायर गेले.”

लिफ्टवाल्याचं काळीज दोर तुटल्यासारखं खाली गेलं. शेवटी त्यानेच म्हटलं, “टायर गेले की गाडी गेली. ठरलंय आपलं.”

“जी चालवायची नाही त्या गाडीबद्दल ठरलं होतं,” ती म्हणाली. “पिंट्या, नवे आण. आणि लायसन्स कुठे काढतात?”

ती रीतसर शिकली. लायसन्स हातात आल्यावर पहिल्या सकाळी लिफ्टवाला हेल्मेट घालून मागे बसला. कुत्रेवाल्या गृहस्थांनी हात केला. उताराच्या तोंडाशी लिफ्टवाल्याने उजवा पाय जोरात दाबला. मागे ब्रेक नसतो.

“अगं, हळू!”

“गप्प बसा,” ती म्हणाली. “टायर दबू दे.”