विहिरीचा सिनेमा

उद्धवरावांची चिठ्ठी शाळेच्या शिपायानं आणून दिली, तेव्हा चौथीच्या वर्गात गणित चालू होतं. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. देहूरोडच्या थिएटरमागची खोली साफ करताना जुने डबे निघाले, त्यांत दत्तोबांचा विहिरीचा सिनेमा सापडला. रविवारी दुपारी तीनला लावून बघणार आहोत, यावे. इंद्रायणीनं चिठ्ठी हजेरीपटात ठेवली आणि फळ्याकडे वळली. पण पुढच्याच बेरजेत तिचा हातचा राहिला, आणि तो एका मुलीला दाखवून द्यावा लागला.

दत्तोबा म्हणजे तिचे आबा. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. चिंचवडच्या दोन खोल्यांत आता ती एकटीच राहत होती. आबांची काळी टोपी दाराजवळच्या खुंटीवर होती तशीच होती; ती खालची भिंत झटकायची, टोपीला हात लावायची नाही.

लढाईच्या वर्षांत आबा देहूरोडला गोऱ्या सोल्जरांच्या थिएटरात मशीन चालवत. आई गेली तेव्हा इंद्रायणी अकरा वर्षांची होती. त्यानंतर आबा घरी असले की संध्याकाळी चुलीपुढे बसून तिला सिनेमे सांगत. जहाजं, विमानं, बंगले; बहुतेक सगळे ती विसरूनही गेली. एकच राहिला.

घोड्यांचा आणि पिस्तुलांचा म्हणून तो सिनेमा लागला होता, आणि त्यात अखेरपर्यंत एकही गोळी सुटत नव्हती. रखरखीत माळावर एक स्वार येतो. तिथं एका विधवेच्या दारात अर्धी खणलेली विहीर असते. नवरा खणता खणता मेलेला. शेजारच्या बड्या जमीनदाराकडे पाणी आहे आणि त्याला हिची जमीन हवी आहे. स्वार कमरेचा पिस्तुलाचा पट्टा काढतो, दाराच्या खुंटीला अडकवतो आणि विहिरीत उतरतो. तो खाली, ती वर, मधे दोर. एक हिसका म्हणजे ओढ, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे धोका. जमीनदाराची माणसं चार वेळा येतात, खुंटीवरचा पट्टा बघतात आणि माघारी जातात. पायरीवर एक लहान मुलगी बसलेली असते. ती वर आलेली प्रत्येक बादली खडूनं दगडावर मांडते. आबा सांगू लागले की इंद्रायणीच ती मुलगी व्हायची.

सोल्जरांनी त्या खेळाला शिट्ट्या मारून थिएटर डोक्यावर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सिनेमा उतरला तो उतरलाच. आबांच्या तोंडून मात्र तो पंधरा वर्षं चालला, आणि दर वेळी एकाच जागी थांबला. खालून तीन हिसके बसतात, ती बाई जीव खाऊन दोर ओढू लागते, आणि आबा म्हणत, "शेवट तुझा तू बघ, पोरी." आबा अंथरुणाला खिळल्यावरही तिनं एकदा विचारलं, तेव्हा ते अर्ध्या तोंडानं हसले होते. पुढं ती पुष्कळ वाचायला शिकली, इंग्रजीसुद्धा. लायब्ररीतल्या कितीतरी गोष्टींचे शेवट तिला ठाऊक झाले. ह्याचा नाही. जगात हा सिनेमा ठाऊक असलेली दोनच माणसं आहेत, असं ती धरून चालली होती. आता एकच उरलं होतं.

रविवारी ती देहूरोडला उतरली तेव्हा ऊन तापलेलं होतं. थिएटरात दहा-बारा माणसं असतील, बहुतेक लष्कराच्या डेपोतली. उद्धवराव आबांच्या हाताखाली शिकलेले, आता तेच सगळं बघत. त्यांनी तिला तिसऱ्या रांगेत नेलं. तिथं एक बाई आधीच बसली होती. पंचेचाळिशीची, नऊवारी, कपाळ मोकळं, दोन्ही हात मांडीत.

"ह्या सुभद्राबाई," उद्धवराव म्हणाले. "पिंपरीला असतात, पेनिसिलीनच्या कारखान्यात. तेव्हा इथं कर्नलसाहेबाच्या बंगल्यावर पोरं सांभाळणाऱ्या आया होत्या. दत्तोबांना इंग्रजी कुठं येत होतं! सगळे सिनेमे त्यांना ह्यांनीच तर सांगितले."

एवढं बोलून ते वर मशीनच्या कॅबिनमध्ये निघून गेले. सरळ मनाचा माणूस. आपण काय बोलून गेलो हे त्यांना आयुष्यात कळलं नसतं.

इंद्रायणी बसली. मधे एक खुर्ची रिकामी ठेवावी असं तिला वाटलं, पण उद्धवरावांनी शेजारचीच पुढं केली होती. सुभद्राबाईंनी हळूच विचारलं, शाळेत असता ना, मास्तरीणबाई. आबांच्या दुखण्याची चौकशी केली. मग वर कॅबिनच्या भोकाकडे बघत म्हणाल्या, "लई तापायचं वर. टोपी खिळ्याला अडकवूनच काम करायचे."

इंद्रायणीनं आबांना बोडक्या डोक्यानं पाहिलं होतं ते आंघोळीला बसताना, आणि शेवटी अंथरुणावर नि तिरडीवर. तिनं मान हलवली आणि पडद्याकडे बघत राहिली. अजून पडद्यावर काहीच नव्हतं.

दिवे गेले. सुरुवातीचा तुकडा गळालेला होता, त्यामुळे सिनेमाचं खरं नाव कळलं नाही. एकदम माळच सुरू झाला. आणि सगळं होतं. घोड्याची मान खाली घालून येण्याची चाल, दारातला रांजण, पट्टा अडकवताना खुंटी किंचित हलते ती. आबांनी "त्याच्या नजरेत कंटाळा होता, राग नव्हता" असं म्हटलं होतं, तोही कंटाळा होता. पण आता प्रत्येक वाक्याला तिच्या कानात आबांच्या आवाजामागं दुसरा आवाज लागला होता. कंटाळा कुणाला दिसला होता? खुंटी हलते हे कुणी टिपलं होतं? आबा तर मशीनपाशी उभे, ह्या रिळातून त्या रिळात जायच्या खुणेकडे डोळा लावून. शेजारी सुभद्राबाईंचे ओठ हलत होते. पोथी पाठ असलेल्या माणसाचे हलतात तसे. लहानपणापासून जे आपलं एकटीचं म्हणून जपलं ते ह्या बाईच्या तोंडचं उष्टं होतं, असं इंद्रायणीच्या मनात आलं, आणि आपण इतकं वाईट मनात आणू शकतो याचं तिला आश्चर्यही वाटलं नाही.

ती पायरीवरच्या मुलीची वाट बघू लागली. पहिली बादली वर आली, दहावी आली. पायरी दिसे, पायरीवर उन्हाशिवाय कोणी नसे. मुलीचे तुकडे कापले गेले असतील, तिनं स्वतःला सांगितलं. पण रीळ कुठं तुटलेलं दिसत नव्हतं.

जमीनदाराची माणसं चौथ्यांदा येऊन गेली. विहीर आता इतकी खोल झाली होती की खालचा माणूस दिसेनासा झाला. दोर ताणला. एक हिसका. दोन. तीन.

आणि सुभद्राबाई उठल्या.

पदर सावरून, कमरेत वाकून, पुढच्यांच्या डोक्याआड जायचं अशा बेतानं. त्यांनी काही ठरवलेलं दिसत नव्हतं. पायच उठले होते. इंद्रायणीला त्या क्षणी कळलं. आबांची गोष्ट जिथं थांबायची तिथं ही बाई उठून जायची. पुढचं हिनं पाहिलं नव्हतं, म्हणून आबांनी सांगितलं नव्हतं.

नुसतं "बसा" म्हणायचं होतं. लुगड्याला बोट लावलं असतं तरी पुरलं असतं. इंद्रायणीनं गुडघे बाजूला घेतले आणि वाट करून दिली. मागं दार उघडल्याचा उजेड पडद्यावर चाटून गेला आणि मिटला. मग तिनं शेवट पाहिला, एकटीनं.

सुभद्राबाई फाटकाशी लिंबाखाली उभ्या होत्या. लोकल एकच होती, दोघींनाही तिनंच जायचं होतं. स्टेशनच्या वाटेला त्या आपणहून म्हणाल्या, सवय हो. दिवे लागायच्या आत बाहेर पडायचं. विधवा बाई, त्यात सोल्जरांचं थिएटर. कुणी बघितलं असतं तर बोल तुमच्या आबांना लागला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबाची पोरं निजली की त्या कॅबिनच्या जिन्यावर बसत. आबा आत तुटकी रिळं चिकटवत, आणि त्या बाहेरून सांगत. उंबरा कधी ओलांडला न्हाई, हेही त्यांनी सांगितलं, न विचारता.

"शेवट तरी आबांना दिसला असेल," इंद्रायणी म्हणाली. "मशीन तेच चालवत होते."

"कसा दिसंल? मी दारापोतर नीट जाते का, ते बघत भोकाशी उभे असायचे. पडद्याकडं नजर कुठली मग." एवढं बोलून सुभद्राबाई थोडं चालल्या. "काय झालं हो शेवटाला? मेला का त्यो?"

इंद्रायणीनं पुढं बघतच सांगितलं. मेला नाही. ती बाई बादली ओढते, बादलीत त्याची टोपी येते, टोपीत काठोकाठ पाणी. मग तो वर येतो. सकाळी खुंटीवरचा पट्टा गेलेला असतो आणि तो घोड्यावरून लांब निघालेला असतो. ती हाक मारत नाही. एवढंच.

"गेलाच म्हना," सुभद्राबाई म्हणाल्या. "व्हय. जानारच."

एवढंच नव्हतं. ती बाई घराकडे वळते तेव्हा खुंटीवर पट्ट्याच्या जागी त्याची टोपी असते, अजून ओली, थेंब गळणारी. आणि सिनेमा त्या टोपीवर संपतो. ते इंद्रायणीनं सांगितलं नाही. काहीतरी आपलं असायला हवं होतं.

डब्यात दोघी समोरासमोर बसल्या. आकुर्डीचं शिवार मागं पडत होतं. मग इंद्रायणीला राहवेना.

"त्या मुलीचं मात्र कापलेलं दिसतं. पायरीवरची, बादल्या मांडणारी."

"कंची मुलगी?"

"तुम्हीच आबांना सांगितली असेल ना. खडूनं रेघा ओढते ती."

"मी न्हाई बाई," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. "त्यात पोर कुठली? रांडमुंड एकटीच बाई हाय ती." त्या खिडकीकडे वळल्या. जरा वेळानं, बाहेर बघतच म्हणाल्या, "त्यांनीच घातली असंल. मला न्हाई कधी सांगितलं."

शेवटच्या वाक्यात जे होतं ते इंद्रायणीनं लगेच ओळखलं. दुपारपासून तेच तर तिला डाचत होतं: आपल्याला सांगितलं नाही. तिला आबा दिसले, चुलीपुढे बसलेले, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या माळावर पायरी झाडून घेणारे, तिथं स्वतःच्या पदरची मुलगी बसवणारे, हातात खडू देणारे. पंधरा वर्षं, एकदाही न विसरता.

चिंचवड आलं. ती उतरली, चार पावलं गेली, आणि परत खिडकीशी आली. सुभद्राबाईंनी गजावर हात ठेवला होता.

"मी एक सांगितलं नाही," इंद्रायणी म्हणाली. "तो गेला, पण टोपी नाही नेली. तिच्या खुंटीवर ठेवून गेला. तेच शेवटचं."

गाडी हलली. सुभद्राबाईंच्या कपाळाला आठी पडली, घरच्या माणसानं हयगय केली की पडते तशी.

"एवढ्या उन्हात," त्या म्हणाल्या, "बोडक्यानंच गेला?"