अर्ध्या नमस्काराचा फोटो

"भारद्वाज दिसला का हातातलं सोडायचं नि पयले हात जोडायचं," असं आमच्या सासूबाई, पुतळाबाई, सांगायच्या. त्या जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझे हात अजून त्यांचंच ऐकतात.

हे मी पुतणीला, उन्नतीला, आधी सांगायला हवं होतं. अंबाडीपलीकडच्या अभयारण्यात हौशी लोकांची फोटो स्पर्धा होती. सकाळी फोटो काढायचे, दुपारी तिथेच निकाल. उन्नती दर वर्षी जाते नि रिकाम्या हाताने येते. ती कामाला जाते त्या राहनाळच्या गोदामात तिला सगळे 'पाखरूताई' म्हणून चिडवतात. एकदा तरी नंबर यावा, एवढंच तिचं म्हणणं. यंदा नेमका स्कूटरवरून पडून उजवा हात प्लास्टरमध्ये. जड कॅमेरा एका हाताने पेलेना, म्हणून बटण दाबायला मला नेलं. मीही सूर्याची पूजा उरकून, रविवारचा उपास धरून गेले.

करंजाच्या फांदीवर भारद्वाज आला. तांबूस पंख, लाल डोळा. उन्नती पुटपुटली, "दाबा, काकी."

मी कॅमेरा सोडला, हात जोडले, डोळे मिटले. गळ्यातल्या पट्ट्याने कॅमेरा वाचला. सोडता सोडता बटण दाबलं गेलं, त्यात माझ्या चपलांचा फोटो आला. थोड्या वेळाने पक्षी परत आला, मी परत तेच केलं. या खेपेला चपला जास्त स्पष्ट होत्या.

उन्नती रागावली असती तर बरं, ती रडकुंडीला आली. मग मीच तोड काढली. पक्षी तिसऱ्यांदा फांदीवर आला, तसा कॅमेरा तिच्या खांद्यावर टेकवला, उजवा हात बटणावर ठेवला नि डावा पुढे केला. तिनेही आपला डावा हात वर करून माझ्या तळव्याला लावला. दोन्ही डावेच, त्यामुळे अंगठे भलतीकडे.

"काकी, हा नमस्कार हाय का टाळी?"

"अर्धा नमस्कार आहे. उरलेला मागाहून पुरा करीन, असं त्याला कबूल केलंय," मी म्हटलं, नि बटण दाबलं.

दुपारी परीक्षकांनी तिसरा नंबर दिला. म्हणाले, देखणे पक्षी पुष्कळ आले, पण पाठ फिरवून, मान वळवून असा घुश्शात बघणारा हा एकच. एवढा कशाने रुसला असेल, असं त्यांनी विचारलं नि सगळे हसले. उन्नती प्लास्टरआड तोंड लपवून हसत होती.

मला कारण माहीत होतं. चहा वाटायला लागले तसा मी कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला, पदर सारखा केला नि कुणाला न सांगता करंजाच्या वाटेला लागले.