नायिकेचा ऑक्सिजन

"अगं, सिलिंडरची चावीच उघडलेली नाही!" सिलिंडरकाका भर सिनेमात जवळजवळ ओरडलेच.

"बाबा, हळू," लेक त्यांच्या कानाशी पुटपुटली. तिचा रुमाल मध्यंतराच्या आधीच भिजून चिंब झाला होता.

"हळू काय हळू! बघ की. बाटलीतल्या पाण्यात एक बुडबुडा नाही. बाईला ऑक्सिजन चाललाय कुठे?"

पुढच्या रांगेतल्या एका टकलूने मागे वळून डोळे वटारले. काका गप्प बसले, पण आतून धुमसत राहिले. सत्तावीस वर्षं त्यांनी इस्पितळात ऑक्सिजनची सिलिंडरं बदलली होती, त्यांना कोण शिकवणार? नायिका म्हणे मरायला टेकली होती. कसली टेकतेय! ओठांना लाली, केस नुकतेच धुतलेले, उशीला साधी सुरकुती नाही. तिने आपल्याच हाताने मास्क काढून ठेवला आणि नायकाच्या मांडीवर डोकं टेकून बोलायला लागली. पुढच्या जन्माचं झालं, चांदण्याचं झालं, पहिल्या भेटीतल्या छत्रीचं झालं. नर्स नाही, डॉक्टर नाही, काळं कुत्रंसुद्धा तिकडे फिरकत नव्हतं. अहो, खरा श्वास लागलेला माणूस नुसतं 'हो' म्हणायलाही दोनदा थांबतो! काकांना शिसारी आली. मढं पाकात बुडवून समोर ठेवावं, तसं वाटलं त्यांना.

त्यांना इथे आणलं होतं लेकीनेच. आई गेल्यापासून तुम्ही कामाशिवाय घराबाहेर पडला नाहीत, चला, म्हणून. आईला जाऊन सहा महिने झाले होते. गेली ती काकांच्याच इस्पितळात. लेकीची गाडी तीन तास उशिरा पोचली आणि तिची भेट हुकली. तेव्हापासून दर फोनला तिचा एकच प्रश्न असायचा, आई शेवटी काय म्हणाली? आणि काकांचं ठरलेलं उत्तर, "काही नाही गं, शांत झोपली."

सिनेमा एकदाचा संपला. दोघं बाहेरच्या पायऱ्यांवर आली.

"थू! असलं मरण असतं होय?" काका म्हणाले.

"बाबा, आईपण असंच काहीतरी बोलली असेल ना? माझ्यासाठी? तुम्ही सांगत नाही आहात."

तिचे डोळे सुजले होते आणि त्यांत भारी आशा होती. काकांच्या लक्षात आलं, पोरीने सहा महिने हाच सिनेमा मनात चालवलाय. एक गोड वाक्य ठोकून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? 'लेकीला जपा म्हणाली.' अगदी जिभेवर आलं होतं. पण मघाची ती लाली आठवली आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"पाणी मागत होती," ते म्हणाले.

"काय?"

"पाणी. 'अहो, घोटभर.' दुपारभर तेवढंच. तोंडाने काही द्यायचं नाही, अशी पाटी लावली होती डॉक्टरांनी. दुसऱ्यांच्या नातेवाइकांच्या हातातले पेले इतकी वर्षं मीच काढून घेत आलो, मग तुझ्या आईला कसं देणार? ओला कापूस ओठांवरून फिरवला. ती तो चोखायला लागली, तर तोही ओढून घेतला मी. ठसका लागेल म्हणून. पाच वाजता गेली. ती जाणारच आहे हे कळलं असतं, तर पाण्याचा अख्खा जग दिला असता गं भरून. सहा महिने माझी मलाच किळस येतेय."

पडद्यावरच्या बाईसाठी लेक दोन तास ओक्साबोक्शी रडली होती. आता तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. रुमाल तिने पर्समध्ये टाकला, बापाचा हात घट्ट धरला आणि त्यांना घेऊन तिथेच पायरीवर बसली. पुढच्या खेळाची माणसं दोघांना वळसा घालून आत जात होती.