गुडघ्याची फेरतपासणी

बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला शंभरापैकी शंभर दिले नव्हते. गणितात ते देता येतात हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याने पोरं शेफारतात असं त्यांचं मत. एकदा एका हुशार मुलीचा सगळा पेपर बरोबर आला, तेव्हा बाईंनी अक्षराचे दोन कापले आणि खाली लाल शाईत लिहिलं, 'समाधानकारक'. अशा बाईंच्या हातात इस्पितळाने बारा प्रश्नांचा कागद ठेवला आणि सांगितलं, तुमच्या नव्या गुडघ्याला तुम्हीच गुण द्या. इस्पितळाला बिचाऱ्याला काय कल्पना!

उजवा गुडघा बदलून सहा महिने झाले होते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार, एकूण अठ्ठेचाळीस. जिना चढता येतो का? एक मजला येतो, पण कठडा धरून. कठडा धरून चढणं म्हणजे शेजारच्याच्या वहीत बघून गणित सोडवणं. बाईंनी एक दिला. बाजारात एकट्या जाता का? जातात, पण परतताना पाय ठणकतो. एक. लंगडता का? थोडं. दोन. बेरीज एकोणीस आली. ती त्यांनी दोनदा तपासली आणि खाली रेघ मारली.

डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, तो उत्तम होता. गुडघा वाकवून बघितला, तो छान वाकला. मग त्यांनी कागद बघितला.

"ऑपरेशनच्या आधी तुम्ही सतरा दिले होते. आता एकोणीस. म्हणजे एवढं सोसून काही फरकच पडला नाही?"

"लिहिलंय ते लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"मग डावा गुडघा बदलायची घाई नको. सहा महिने थांबू, मग बघू."

बाईंच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण चौतीस वर्षं त्यांनी गुण वाढवून मागायला आलेल्या प्रत्येकाला दारातूनच परत पाठवलं होतं. आता त्याच रांगेत स्वतः उभं राहायचं? त्यांनी काठी उचलली आणि उठल्या.

"स्वतःच्या हाताने स्वतःला नापास करणारी तू जगात एकटीच असशील, आई," गाडी चालवताना लेक म्हणाली.

सहा महिने बाईंना स्वतःसाठी जड नव्हते. पण त्या तळमजल्यावर राहत आणि त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण राहत होती. धाकटीची फुप्फुसं थकली होती. नाकात ऑक्सिजनची नळी आणि नळी पोहोचेल तेवढंच घर. तिला खाली येणं शक्य नव्हतं आणि बाईंना एका मजल्याच्या वर जाणं. इमारतीला लिफ्ट नव्हती, मध्ये चोपन्न पायऱ्या होत्या. दोघींच्या डोक्यावर छप्पर एक आणि दोन वर्षं भेट मात्र फोनवर. येणारा हिवाळा धाकटीला कठीण जाईल, असं तिच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

रोजच्यासारखा चार वाजता धाकटीचा फोन आला.

"किती पडले?" धाकटीने विचारलं.

"एकोणीस. सहा महिने थांबायला सांगितलंय."

पलीकडे नुसती यंत्राची घरघर. मग धाकटी हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. "मला सातवीत चौतीस दिले होतेस. एका गुणाने नापास. आई तुझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. आठवतं?"

न आठवायला काय झालं! तो एक गुण कशाचा कापला होता, हे बाईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"ताई, सहा महिने माझ्याकडे आहेत की नाहीत, कोण जाणे. दम लागला बघ. ठेवते."

बाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी कागदाची प्रत काढली. प्रत ठेवल्याशिवाय त्या कुठलाच कागद देत नसत. या वेळी त्यांनी उत्तरं वाचली नाहीत, प्रश्न वाचले. 'गेल्या चार आठवड्यांत, बदललेल्या गुडघ्यामुळे...'

बदललेल्या! बाजारातून येताना ठणकतो तो कुठला पाय? डावा. लंगडतात कुणामुळे? डाव्यामुळे. कठडा लागतो तोही डाव्यासाठीच. उजवा बिचारा सहा महिने निमूट राबत होता आणि बाई डाव्याच्या चुकांचे गुण त्याचे कापत होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी! परीक्षेच्या दिवशी फळ्यावर 'आधी प्रश्न नीट वाचा' असं लिहिणाऱ्या बाई त्या याच. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

पण गुण मागणं वेगळं आणि फेरतपासणी वेगळी. फेरतपासणी हा हक्क आहे.

दुसऱ्याच दिवशी त्या इस्पितळाच्या व्यायामाच्या खोलीत हजर झाल्या. तिथल्या व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला बाई 'अजून एक' म्हणत, कारण दहा वेळा पाय उचलला तरी ती म्हणायची, "आजी, अजून एक!" बाईंनी तिला सांगितलं, तोंडी काही नको, प्रात्यक्षिक घे. तिने एकेक प्रश्न करून घेतला. खुर्चीतून उठवलं, चालवलं, गुडघे टेकायला लावलं. बेरीज एक्केचाळीस आली.

"सात कुठे गेले?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुडघे टेकून उठताना हात लागतो, त्याचे तीन गेले. बाकीचे अक्षराचे."

डॉक्टर मोठ्याने हसले आणि त्यांनी डाव्याच्या ऑपरेशनसाठी पुढच्या महिन्यातली बारा तारीख दिली.

घरी येऊन बाईंनी हिशेब मांडला. बारा तारखेनंतर दोन महिने पुन्हा जिना बंद. तोवर हिवाळा दारात. म्हणजे जायचं तर बाराच्या आधी.

"एका गुडघ्यावर चोपन्न पायऱ्या?" 'अजून एक'ने कपाळाला हात लावला.

"एक्केचाळीस गुणांच्या गुडघ्यावर."

मुलीने नाही म्हणून बघितलं. मग डॉक्टरांना विचारलं आणि रोज संध्याकाळी इमारतीत येऊ लागली. उजवा वर, मग डावा त्याच्या शेजारी, मग दम. लेकीने प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवली. पहिल्या आठवड्यात अठरा पायऱ्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात सत्ताविसाव्या पायरीवर डाव्याने साफ नकार दिला. बाई खुर्चीत बसून रडल्या, दुखण्याने नाही, रागाने. "आज पुरे," लेक म्हणाली. बाईंनी डोळे पुसले. "अजून एक," त्या म्हणाल्या आणि अठ्ठाविसावी चढल्या. मगच उतरल्या.

अकरा तारखेला, चारच्या ठोक्याला त्यांनी पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला. फोन घरीच ठेवला होता. मागे 'अजून एक', तिच्या मागे लेक, आणि दोघींनाही बोलायची मनाई. पंचवीस मिनिटं लागली. चोपन्नाव्या पायरीवर बाईंचे पाय लटलट कापत होते, पण बेल त्यांनी स्वतः वाजवली.

आत नळी फरशीवर घासत आली. दार उघडलं. धाकटीने आधी बाईंच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. ती किती वाळली होती! फोनवर हे कळलंच नव्हतं.

"ताई? फोन का उचलत नव्हतीस?" तिचा आवाज फुटला. "कुणी आणलं तुला वर?"

"उजव्याने," बाई म्हणाल्या. मग कठडा सोडून त्यांनी दोन्ही हातांत तिचे हात घेतले. "तुझे पस्तीस होते. लोक म्हणतील बहिणीला पास केलं, म्हणून मी एक कापला होता."

धाकटी रडत होती आणि हसत होती, आणि दोन्हीला तिचा श्वास पुरत नव्हता. "सत्तेचाळीस वर्षं लागली तुला तपासायला?"

"चूक माझी होती. आत घेतेस का?"

"थांब," धाकटी म्हणाली. "आधी मला नीट बघू दे." आणि ती दारातच बघत उभी राहिली.