आईची फ्लॉपी

आमचा कॉम्प्युटर सुरू झाला की आधी आई बोलायची, "हात धुतले का?" ती असताना मीच गंमत म्हणून तिचा आवाज माईकवर घेऊन सुरुवातीच्या ट्यूनच्या जागी लावला होता. तिला जाऊन दोन वर्षं झाली, तरी रोज सकाळी मी बटण दाबायच्या वेळी दादा, म्हणजे माझे वडील, चहाचा कप धरून दारात येऊन उभे राहायचे. एवढं ऐकायचे आणि जायचे. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

म्हणून विंडोज ९८ काढून एक्सपी टाकायचं मी सहा महिने टाळलं. पण नवा प्रिंटर जुन्यावर चालेना, मी शिकवायचो त्या शाळेचे निकाल छापायला दर वेळी परतूर गाठावं लागे. शेवटी जालन्याहून सीडी आणली. दुकानदार म्हणाला, जुनं सगळं पुसून टाका, नाहीतर नवं अडखळत चालेल. मी आईचा आवाज फ्लॉपीवर घेतला आणि दादांच्या हातात दिला. नीट जपून ठेवा म्हटलं, आई आहे यात.

पुढे पंधरा दिवसांनी रविवार मोकळा मिळाला. आमच्या वाटूरला तेव्हा अकराला लाईट जायची, म्हणून नऊलाच बसलो. माझी बायको सत्यशीला म्हणाली, आधी एकदा फ्लॉपी लावून बघा. मी तिच्यावर खेकसलो. घाईत कुणी शहाणपण शिकवलेलं मला खपत नाही. जुनं सगळं पुसून टाकलं.

पडद्यावर आलं, एकोणचाळीस मिनिटं राहिली. दहा मिनिटांनी पाहिलं तर एकोणचाळीसच. मी उठलो, बसलो, अंगणात जाऊन उगाच विजेच्या तारांकडे बघून आलो. चौतीसवर तर पुन्हा अडकलं. झालं का, असं दादा दोनदा विचारून गेले.

पावणेअकराला एकदाचं पडद्यावर हिरवं रान आणि निळं आभाळ दिसलं. मी फ्लॉपी मागितली. दादांनी ती देव्हाऱ्यातून, आजा-पणज्यांच्या चांदीच्या टाकांमधून उचलून आणली. तिच्यावर हळदीकुंकू होतं, आणि तिच्या सरकत्या पत्र्याखालून पाणी ओघळत होतं. मशीन घरघरलं. वाचता येत नाही म्हणालं. तीनदा लावली, तीनदा तेच.

"पाणी कसं गेलं यात?" माझा आवाज चढला.

"रोज आंघोळ घालून राह्यलो ना," दादा म्हणाले. "तूच म्हणल्ता, आई हाये यात. मंग बाकीच्या देवायला न्हाऊ घालायचं अन् तिलाच न्हाई का?"

मला रडूच कोसळलं. राग तरी कुणावर काढणार? पुसलं मी होतं, बघून घ्या म्हणणारीला गप्प बसवलं तेही मीच. तेवढ्यात लाईट गेली, ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. कसलीशी परकी धून वाजली. दादा सवयीने चहा घेऊन दारात आलेच होते. माझी मान वर करायची हिंमत होईना. धून संपली तरी ते गेले नाहीत. मग घसा खाकरून म्हणाले,

"हात धुतले का?"

आई असताना या प्रश्नाला मी कधी दाद दिली नव्हती. उठलो, मोरीत गेलो आणि साबण लावून हात धुऊन आलो.