मधल्या रेघेचं पोट

घरातलं कोणीतरी टीव्हीला हात लावतंय, हे मिस्त्रींच्या लक्षात आलं मंगळवारी, आणि शनिवारपर्यंत त्यांनी सख्ख्या भावाला घराबाहेर काढायचं ठरवून टाकलं. तुम्ही म्हणाल, एका टीव्हीपायी? पण टीव्ही साधा नव्हता, मिस्त्रीही साधे नव्हते, आणि संशय काय, एकदा उंबरठा ओलांडून आत आला की साऱ्या खोल्या बघितल्याशिवाय बसत नाही.

टीव्ही होता ट्यूबवाला, पण एचडी. भिंतीला चिकटणारे सपाट टीव्ही आले आणि दुकानदाराला हे धूड कधी एकदा जातंय असं झालं, तेव्हा मिस्त्रींनी ते स्वस्तात उचललं. ‘उचललं’ आपलं म्हणायला. घरी आणताना मिस्त्री, धाकटा भाऊ आणि टेम्पोवाला अशा तिघांच्या कमरेचा निकाल लागला होता. चित्र मात्र असं झकास, की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातले खडे मोजावेत. खोट एकच. स्वस्तातला माल, त्यामुळे रेघा वाकड्या. दाराची चौकट दिसली तर तिला पोट सुटलेलं, विजेचा खांब दिसला तर तो धनुष्य होऊन उभा.

दुसऱ्या कोणी ते चालवून घेतलं असतं. पण मिस्त्री पडले फरशी बसवणारे. तीस वर्षं लोकांच्या जमिनी आणि न्हाणीघरांच्या भिंती सरळ करण्यात गेलेली. वाकडी रेघ दिसली की त्यांना जेवण गोड लागत नसे.

शेवटी एका दुरुस्तीवाल्याने त्यांना गुपित सांगितलं. रिमोटची चार बटणं ठरावीक क्रमाने दाबली की एक छुपा मेनू उघडतो. पडद्यावर पांढऱ्या रेघांच्या चौकड्या येतात आणि बाजूला आकडे. त्यातला एक आकडा वाढवला की उभ्या रेघा एकीकडे वाकतात, कमी केला की दुसरीकडे. दुरुस्तीवाल्याने चोवीसवर आणून दिलं, रेघा सरळ झाल्या आणि तो गेला. मिस्त्री चौकड्यांकडे बघत म्हणाले, “अरे, ही तर फरशीच आहे!”

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी कामावरून आले की चहाचा कप हातात घेऊन मिस्त्री टीव्हीसमोर उभे. डावा डोळा मिटायचा, उजवा बारीक करायचा, आणि मधल्या रेघेवर नजर लावायची. काम करताना ते असंच बघत. “रेघ दोन डोळ्यांनी बघायची नसते,” ते सांगत. “दोन डोळे म्हणजे दोन साक्षीदार. त्यांचं कधी जमत नाही.” पहिले काही महिने सगळं ठीक होतं. मग थंडी पडली तशी मधल्या रेघेला पुन्हा पोट दिसायला लागलं. सोमवारी मिस्त्रींनी आकडा वाढवत वाढवत एकतीसवर नेला, तेव्हा कुठे रेघ सरळ झाली. समाधानाने चौकड्या घालवून ते बातम्या बघत बसले. चित्र हलायला लागल्यावर रेघा कोण बघतो?

मंगळवारी बघतात तर आकडा चोवीस. रेघेला पोट.

त्यांनी पुन्हा एकतीस केला आणि या वेळी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवला. बुधवारी चोवीस. गुरुवारी चोवीस. म्हणजे टीव्हीचा बिघाड नव्हे, हे माणसाचं काम. बिघाड झाला तर आकडा कुठेही जाईल, नेमाने चोवीसवर कशाला येईल?

घरात माणसं तीन. पैकी बायकोला आवाज लहानमोठा करण्यापलीकडे रिमोटमधलं काही कळत नाही, असं मिस्त्रींचं ठाम मत होतं. (नवऱ्याचं बायकोबद्दलचं मत किती धरायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.) उरला धाकटा. लग्नाच्या भानगडीत न पडलेला, मागच्या खोलीत राहणारा, वीस वर्षं मिस्त्रींच्याच हाताखाली काम करणारा. आणि दुरुस्तीवाला गुपित सांगत होता तेव्हा तो शेजारीच उभा होता!

“टीव्हीला हात लावलास?” मिस्त्रींनी जेवताना विचारलं.

“नाही, दादा.” मान वर न करता तो म्हणाला. जरा जास्तच चटकन म्हणाला, असं मिस्त्रींना वाटलं.

मग एकेक आठवायला लागलं. हल्ली पाच वाजले की हाच म्हणतो, “दादा, तू हो पुढे, मी हत्यारं धुऊन येतो.” आणि येतो सातला. दोन थाप्या आणि एक घमेलं धुवायला दोन तास? हत्ती धुतो की काय हा? शुक्रवारी सकाळी दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्यात मिस्त्री कामाला गेले, तर हा बाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता. मिस्त्री दिसताच दोघं गप्प. आणि आदल्या दिवशी पुसून लख्ख केलेल्या फरशीच्या कडेला सिमेंटचे ताजे शिंतोडे! मिस्त्री कधी शिंतोडा ठेवून घरी गेलेत?

पाणी कुठेतरी मुरतंय, हे नक्की होतं. कुठे, तेही मिस्त्रींना कळलं असं वाटलं. हा आपल्या मागे आपलं काम बिघडवतोय. आपल्या फरश्यांच्या ओळी हलवायच्या, गिऱ्हाइकाचे कान भरायचे, म्हाताऱ्याचं आता काही खरं नाही म्हणायचं आणि स्वतः मिस्त्री व्हायचं. टीव्हीवर नुसता हात बसवून घेतोय. रात्रभर मिस्त्रींना झोप नाही. ज्याला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, तोच आपल्या पायाखालची फरशी काढतोय म्हणजे काय!

शनिवारी धाकटा सातला आला. मिस्त्री दारातच बसले होते.

“एक तारखेपर्यंत आपली खोली बघ,” ते म्हणाले. “आणि कामही.”

धाकट्याच्या हातातली हत्यारांची पिशवी तशीच लोंबकळत राहिली. “काय झालं, दादा?”

“वर मलाच विचारतोस! घरात टीव्ही बिघडवतोस, तिकडे माझ्या ओळी बिघडवतोस. माझ्या जागेवर टपलायस तू, दुसरं काय?”

आतून बायको बाहेर आली, हातात सुरी आणि अर्धवट चिरलेला कांदा.

“टीव्हीला हात मी लावते,” ती म्हणाली.

“तू?”

“मी. चार बटणं तर आहेत, त्यात काय मोठं शास्त्र? रोज माझ्यासमोर उभं राहून दाबता, मला काय दिसत नाही?”

“पण का?”

“तुम्ही वाकडा करून ठेवता म्हणून! दुपारी जरा बसावं म्हटलं तर सगळी माणसं केळ्यासारखी. मग मी पहिल्यासारखं चोवीस करते. तुमचा एवढा जीव त्यात, म्हणून बोलले नाही. पण त्यासाठी भाऊजींना घराबाहेर काढता? कमाल झाली बाई!”

“वाकडा? मी?” मिस्त्री ताडकन उठले. तीस वर्षांत असं कोणी त्यांना बोललं नव्हतं. त्यांनी टीव्ही लावला, मेनू उघडला, चौकड्या आणल्या. आकडा चोवीस. डावा डोळा मिटून त्यांनी बोट दाखवलं. “हे बघ. हे पोट. दिसतंय की नाही?”

“सरळ आहे की,” बायको म्हणाली.

“तू सांग रे!”

धाकटा जमिनीकडे बघत होता.

“बोल की! तोंडात खडी भरलीय का?”

“सरळ आहे, दादा.”

“मिळालात ना दोघं!” मिस्त्री पिशवीकडे धावले आणि ओळंबा काढला. पितळी वजन, वर पांढरी दोरी. “आता हाच सांगेल. धर वरून.”

धाकट्याने टीव्हीच्या वर हात धरून दोरी सोडली. वजन थोडं हेलकावलं आणि थांबलं. मिस्त्रींनी डावा डोळा मिटला. आणि दोरीलाही पोट होतं. तेवढंच, तिथेच.

“दोरीत काहीतरी केलंयस,” ते म्हणाले.

त्यांनी दोरी चिमटीतून वरपासून खालपर्यंत चाचपली. गाठ नव्हती, पीळ नव्हता. वजन नीट लोंबत होतं. टांगलेल्या ओळंब्याची दोरी वाकत नाही, वाकूच शकत नाही, हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? जगातल्या कुठल्याही भावाला ती वाकवता येणार नाही. त्यांनी पुन्हा बघितलं. पोट. मग हळूच उजवा डोळा मिटून डावा उघडला.

दोरी सरळ होती. तिच्यामागची रेघही सरळ होती.

त्यांनी चारदा डोळे बदलून बघितलं. बायकोच्या लक्षात आलं, तशी ती कांदा हातात घेऊनच खुर्चीवर टेकली. फार भीती वाटली मिस्त्रींना, इतकी की आपण मघाशी काय बोललो तेही क्षणभर आठवेना. आठवलं, तेव्हा ते जमिनीवरच बसले.

“दवाखान्यातले ते शिंतोडे?” त्यांनी विचारलं.

“माझे,” धाकटा म्हणाला. “आठ फरशा उचलून पुन्हा बसवल्या. खालचा सिमेंटचा माल ओला असेपर्यंतच जमतं. वाळला की मग तोडावं लागतं.”

“म्हणून तू मागे राहतोस.”

“हो. परवा बाईंनी बघितलं मला. त्यांना म्हटलं, दादाला सांगू नका.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार होतो, दादा? तू म्हणाला असतास, हा माझ्या जागेवर टपलाय.”

मिस्त्रींना याच थंडीत फरशी घातलेलं शाळेचं सभागृह आठवलं. तिथल्या मुख्याध्यापिका सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, ओळ असावी तर अशी. आठवडाभर त्यांनी घरी तेच पुराण लावलं होतं, आणि हा समोर बसून हसत ऐकत होता.

“ते सभागृह?”

“ते आपलं दोघांचं.”

“खरं सांग.”

“मधल्या सहा ओळी मी पुन्हा घातल्या.”

“आणि त्याच्या आधीच्या?”

“थंडीच्या आधीच्या सगळ्या तुझ्याच आहेत. त्यातल्या एकीलाही हात लावलेला नाही, तुझी शपथ.”

मिस्त्रींनी मान हलवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी धाकट्याला कामाचं विचारलं.

“सोमवारी मी काय करू रे?”

धाकट्याचा हात अजून वरच होता, ओळंबा धरलेला. बायकोच म्हणाली, “सोमवारी आधी डोळ्यांचा डॉक्टर. मंगळवारपासून काम. दोघांनीही.”